गणित-विज्ञानाचे पटखेळ: विकत काय घ्यावे, वर्गात काय बनवावे

प्रश्न असा आहे: जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीची मिळून 30 मुले, आठवड्याला एक तास मोकळा, हाताशी सुमारे दीड हजार रुपये. विज्ञान, तंत्रज्ञान, कला आणि गणित यांना हात घालणारे कोणते पटखेळ घ्यावेत, आणि त्यातले शाळेतच बनवता येतील असे कोणते?

बहुतेक बनवताच येतील आणि बनवावेतच. पण आधी एक चाळणी लावा. बाजारात ‘शैक्षणिक’ म्हणून मिळणारे बरेचसे खेळ म्हणजे सापशिडीच्या पटाशेजारी ठेवलेला प्रश्नांच्या कार्डांचा गठ्ठा. फासा टाका, कार्ड उचला, ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय’ ते सांगा, दोन घरे पुढे जा. ही तोंडी परीक्षाच झाली. ज्याला उत्तर आधीपासून येते तो पुढे जातो. ज्याला येत नाही त्याला खेळून नवे काही मिळत नाही, वर हसे होते ते वेगळेच. चाल ठरवण्यासाठीच गणित किंवा विज्ञान वापरावे लागत असेल तर तो खेळ कामाचा. तपासायची रीत सोपी आहे: प्रश्नांची कार्डे बाजूला काढली तरी खेळ जसाच्या तसा चालतो का? चालत असेल तर त्यावर पैसे घालू नका.

या चाळणीतून पार होणारा सगळ्यात स्वस्त खेळ म्हणजे ‘शंभरी’. एक फासा आणि पाटी, बस्स. प्रत्येकाला सात दाने. पडलेला आकडा एककात धरायचा की दशकात, हे दान पडताच ठरवायचे. लिहिल्यावर बदल नाही आणि सातही दाने घ्यावीच लागतात. बेरीज शंभराच्या सगळ्यात जवळ, पण शंभरापुढे न जाता, त्याचा डाव. सुरुवातीला मुले 5 किंवा 6 पडले की हावरटपणे दशकात घेतात आणि तिसऱ्या दानाला शंभरी ओलांडून बसतात. काही डावांनंतर ‘अजून चार दाने आहेत, म्हणजे निदान 4 तरी वाढणारच’ असा हिशेब कानावर येऊ लागतो. स्थानिक किंमत, अंदाज आणि शक्यता तिन्ही एकाच निर्णयात येतात. पाचवीला दशांश सुरू झाले की हाच खेळ एकक आणि दशांश घेऊन, ‘दहा’ गाठायला लावा.

संख्याज्ञान कच्चे असलेली मुले वर्गात असतीलच. त्यांच्यासाठी 1 ते 100 चा पट करा, पण सापशिडीसारखा नागमोडी नको. सापशिडीत एक ओळ डावीकडून, दुसरी उजवीकडून जाते, त्यामुळे 24 च्या डोक्यावर 34 येत नाही आणि ‘दहा मिळवले की एक ओळ वर’ हे दिसतच नाही. सगळ्या ओळी डावीकडूनच भरा. घर 5 सेंटीमीटरचे धरले तर पट 50 सेंटीमीटरचा होतो आणि मोठ्या कार्डशीटवर आरामात बसतो. मोजायची पद्धत मात्र कटाक्षाने पाळा. सोंगटी 25 वर आहे आणि 3 पडले, तर ‘एक, दोन, तीन’ नाही. ‘सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस’. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी 2008 मध्ये बालवाडीतल्या मुलांना 1 ते 10 चा सरळ पट चार बैठकींत खेळायला दिला, तेव्हा त्यांची आकड्यांची जाण वाढली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या तशाच पटाने ती वाढली नाही. पुढे 2014 मध्ये एलिडा लास्की आणि सिगलर यांनी शंभरापर्यंतच्या पटावर तपासले, तेव्हा घरावरचा आकडा म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांना एकपासून मोजणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला. पट तोच, फरक फक्त तोंडाने काय म्हणतात याचा.

वर्षभरात एकच खेळ नीट करायला वेळ असेल तर ‘घोडदौड’ घ्या. पटावर 2 ते 12 अशा 11 धावपट्ट्या, प्रत्येकीत 10 घरे. दोन फासे टाकायचे, बेरजेचा घोडा एक घर पुढे. सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपला घोडा निवडून कागदावर लिहायचा. चौथीच्या मुलांसाठी 1 ची पट्टीही मुद्दाम ठेवा. कोणी ना कोणी ती निवडतेच, आणि तो घोडा ठाणावरून का हलत नाही हे गटालाच शोधू द्या. एक शर्यत साधारण 40 ते 55 दानांत संपते. घोडे जिथे थांबले तिथेच ठेवा. समोर स्तंभालेख तयार असतो: मधे उंच, दोन्ही कडांना बुटका.

आता 36 चौकटींचा तक्ता भरायला लावा. एका फाशाचे आकडे वर, दुसऱ्याचे बाजूला. इथे हमखास अडते. 3 आणि 4, तसेच 4 आणि 3 या दोन वेगळ्या शक्यता आहेत हे मुलांना पटत नाही. दोन्ही फासे पांढरे असतील तर पटणारही नाही, म्हणून एक लाल आणि एक पांढरा घ्या. तक्ता भरला की 7 येण्याच्या 6 वाटा, 6 आणि 8 च्या 5-5, आणि 2 किंवा 12 ची एकच, हे उघडे पडते.

खरी मजा यापुढे आहे. मुलांना सांगा, ‘शर्यत अन्यायाची आहे, पट्ट्यांची लांबी बदलून ती सारखी करा.’ हुशार गट पट्कन सांगतो: जितक्या वाटा त्याच्या दुप्पट घरे. म्हणजे 7 ला 12 घरे, 6 आणि 8 ला 10, असे करत 2 आणि 12 ला 2. हिशेब चोख आहे; अशा पटावर प्रत्येक घोड्याला शेवट गाठायला सरासरी 72 दाने लागतात. तरी खेळून पाहा, आता कडेचे घोडे जास्त जिंकतात. कारण 2 च्या घोड्याला दोनदाच नशीब लागते. 40 दानांत तो पोचण्याची शक्यता शंभरात सुमारे 30, तर 7 चा घोडा तेवढ्यात बारा घरे संपवण्याची शक्यता शंभरात जेमतेम 3. सरासरी सारखी असली तरी छोट्या पट्टीवर चढउतार मोठे असतात, आणि शर्यतीत सरासरीला नाही, पहिल्या येणाऱ्याला बक्षीस असते. 2 ची पट्टी 3 घरांची केली की तीच शक्यता दहाच्या आसपास उतरते. प्रत्येक गटाने आपल्या लांब्या ठरवायच्या, दहा शर्यती करायच्या, कोण कितीदा जिंकले ते लिहायचे आणि पुन्हा दुरुस्ती करायची. चार तास सहज जातात; जाऊ द्यावेत.

फासे आधी तपासून घ्या. स्वस्तातले प्लास्टिकचे फासे आतून पोकळ किंवा एका बाजूला जड निघतात. एक फासा 120 वेळा टाका. प्रत्येक आकडा 20 च्या आसपास यायला हवा. एखादा 10 पेक्षा कमी किंवा 30 पेक्षा जास्त वेळा आला तर तो फासा बाद. हे काम मुलांनाच वाटून द्या, तोही एक प्रयोगच. फासे नसतील तर चार फोडलेले चिंचोके चालतात. पांढरी बाजू वर किती, ते मोजायचे. दोन्ही बाजू सारख्याच शक्यतेने पडतात असे मानले तर 0 ते 4 येण्याच्या वाटा 1, 4, 6, 4, 1. प्रत्यक्षात तसे पडत नाही, कारण चिंचोक्याची एक बाजू सपाट आणि एक फुगीर. नक्की काय पडते ते शंभर वेळा टाकून काढा. कवड्यांचेही तेच.

पुढच्या चालींचा विचार शिकवायला मंकला, म्हणजे खळग्यांत बिया पेरत जायचा खेळ, उत्तम. अंड्यांच्या 30 खळग्यांच्या ट्रेमध्ये सहा-सहाच्या पाच ओळी असतात. दोन ओळी कापल्या की एक पट, म्हणजे एका ट्रेचे दोन. ट्रे कोराच घ्या, वापरलेल्याला अंड्याचे डाग असतात आणि ते धुता येत नाहीत. दोन टोकांना दोन वाट्या, प्रत्येक खळग्यात 4 चिंचोके, एकूण 48. आपल्या बाजूचा एक खळगा रिकामा करायचा आणि उजवीकडे एकेक पेरत जायचे, आपल्या वाटीतही एक, समोरच्याच्या वाटीत मात्र नाही. शेवटचा चिंचोका आपल्या वाटीत पडला तर आणखी एक चाल. आपल्याच रिकाम्या खळग्यात पडला तर तो आणि समोरच्या खळग्यातले सगळे आपले. एका बाजूचे खळगे संपले की उरलेले दुसऱ्याच्या वाटीत, आणि मोजणी. डावीकडून तिसऱ्या खळग्यापासून सुरुवात केली तर चौथा चिंचोका थेट वाटीत जातो हे मुले दुसऱ्या-तिसऱ्या डावात हेरतात. तेव्हा विचारा: पाचव्या खळग्यात किती असले तर वाटीत जातील? सहाव्यात? मग ती बोटाने टोचून मोजणे सोडतात आणि वजाबाकी करू लागतात. पहिली चाल करणाऱ्याचे पारडे जड असते, म्हणून दोन डाव आलटून पालटून.

विज्ञानाचा खेळ निवडताना एखादी व्यवस्था चालते कशी, हे हातात यायला हवे. प्राण्यांची चित्रे ओळखणे हे काम पुस्तकच बरे करते. ‘उंदीर आणि धामण’ असा करा. चिंचोके म्हणजे उंदीर, खडूचे तुकडे म्हणजे धामणी, पट म्हणजे ज्वारीचे एक शेत. सुरुवात 6 उंदीर आणि 1 धामण. प्रत्येक फेरीत पाच पायऱ्या, याच क्रमाने. एक, उंदीर दुप्पट होतात. दोन, शेतात 20 उंदरांपुरतेच पीक आहे, त्यावरचे काढून टाका. तीन, प्रत्येक धामण 2 उंदीर खाते, पण 3 उंदीर बिळात आहेत, ते तिला मिळत नाहीत. चार, जिला पुरे 2 मिळाले नाहीत ती धामण काही न खाताच जाते. पाच, 10 किंवा जास्त उंदीर उरले असतील तर एक धामण वाढते.

आधी काहीही ढवळाढवळ न करता खेळा. फेरीअखेर उंदीर असे येतात: 10, 16, 14, 12, 10, 8, 4, 4. धामणी: 2, 3, 4, 5, 6, 6, 6, 2. तुमच्या वर्गात वेगळे आकडे आले तर पायऱ्यांचा क्रम चुकला आहे. बहुधा शिकार आधी आणि दुप्पट नंतर झाली. पाच पायऱ्यांची पट्टी लिहून पटाच्या कडेला चिकटवा आणि गटातल्या एकाने ती मोठ्याने वाचायची. आकडे आलेखकागदावर दोन रंगांनी काढा. उंदरांचे शिखर दुसऱ्या फेरीत, धामणींचे पाचव्या फेरीत. शिकारी मागून वाढतो आणि भक्ष्य संपत आल्यावर कोसळतो. हे फळ्यावर सांगून जितके कळत नाही तितके सहावी धामण ठेवणाऱ्या आणि तीन फेऱ्यांनी चार धामणी उचलणाऱ्या मुलाला कळते.

मग त्याचा सामना करा. दोन संघ, दोन शेते, दहा फेऱ्या. फेरीअखेर संघाने एकच निर्णय घ्यायचा: काही न करणे, एक धामण हुसकावणे, किंवा सापळा लावून 3 उंदीर काढणे, सापळे दहा फेऱ्यांत तीनच. फेरीचे गुण म्हणजे 20 वजा उरलेले उंदीर. पुढच्या वेळी पावसाचा फासा आणा: 1 पडला तर पीक 10 उंदरांपुरतेच, 6 पडला तर 30. एखाद्या गटाला चौथ्या फेरीनंतर सगळ्या धामणी मारायला सांगा; पुढच्याच फेरीत उंदीर 20 वर जातात, त्या फेरीचे गुण शून्य. धामण बिनविषारी असते हे याच वेळी सांगून टाका. आणि हेही सांगा की हा नमुना आहे. खरे साप इतक्या भराभर वाढत नाहीत आणि उंदीर घड्याळ लावून दुप्पट होत नाहीत. नमुन्यात काय खोटे आहे, याची यादी मुलांकडून करून घ्या. हा भाग गाळू नका.

तंत्रज्ञानासाठी संगणक लागत नाही. 8 बाय 8 चा चौकटींचा पट, त्यावर भिंती म्हणून खोडरबर, एक ध्येय आणि एक सोंगटी. चौघांना कार्डे: ‘पुढे’ 24, ‘डावीकडे वळ’ 10, ‘उजवीकडे वळ’ 10, ‘मागची दोन पुन्हा’ 6. एकाने कार्डांची रांग लावायची, दुसऱ्याने यंत्र होऊन ती मुकाट्याने, जशी आहे तशी अमलात आणायची. डॅन शापिरो यांचा ‘रोबोट टर्टल्स’ हा 2013 मधला खेळ चार वर्षांच्या मुलांपासून याच कल्पनेवर चालतो. दोन घोटाळे ठरलेले. पहिला, ‘डावीकडे वळ’ म्हणजे वळून एक घर जाणे असे मुले धरतात. वळणे म्हणजे जागेवरच तोंड फिरवणे. दुसरा, सोंगटी आपल्याकडे तोंड करून असली की डावे-उजवे उलटते. म्हणून बाटलीच्या गोल झाकणाची सोंगटी नको, टोक असलेली घ्या किंवा झाकणावर ठळक बाण काढा. आधी एकेक कार्ड लावून चालवा, मग तीन-तीन, मग पूर्ण रांग एकदम. रांग चुकली तर मोडून नव्याने लावायची नाही, नेमके एक कार्ड बदलून दुरुस्त करायची. या नियमाविना मुले अंदाजपंचे कार्डे ओतत राहतात.

कलेच्या बाबतीत पाटी भरून चित्रे काढण्यापेक्षा ठिपक्यांची रांगोळी कामाला येते. 11 ते 6 ठिपक्यांची मांडणी घ्या: मधल्या ओळीत 11, वर आणि खाली 10, 9, 8, 7, 6. एकूण 91, आणि आकार नेमका षट्कोन. आधी एक आस ठरवा. एकाने दोन ठिपके जोडणारी रेघ काढायची, पुढच्याने तिचे आसेपलीकडचे प्रतिबिंब. चुकला तर एक मणी द्यायचा. रुळल्यावर सहाही आसा सुरू करा. एका रेघेची 12 पर्यंत रूपे येतात आणि चूक कुठे झाली ते लांबूनही दिसते. नेहमीची चूक म्हणजे प्रतिबिंबाऐवजी रेघ नुसती सरकवून काढणे. हातआरसा आसेवर उभा धरला की वाद मिटतो.

चौकोनांच्या तुकड्यांचा खेळही बनवण्याजोगा आहे. बर्नार तावितियाँ यांचा ‘ब्लोकस’ 2000 साली आला. त्यात एका रंगाचे 21 तुकडे असतात, एक ते पाच चौकोनांचे. मुलांना तयार तुकडे देऊ नका, शोधू द्या: अनुक्रमे 1, 1, 2, 5 आणि 12 आकार. पाच चौकोनांचे ‘पंधरा’ सापडले असे सांगणाऱ्या गटाला तुकडे कापून एकमेकांवर उलटे-सुलटे ठेवायला लावा, तीन जुळे निघतील. एका रंगाचे 89 चौकोन होतात, चार रंगांचे 356, पट 20 बाय 20 म्हणजे 400. आपल्या रंगाचा तुकडा आपल्याच तुकड्याला फक्त कोपऱ्याने चिकटला पाहिजे, कडेने नाही. आपल्याकडची सावंतवाडीची दशावतारी गंजिफा मिळाली तर दाखवायला जरूर आणा: 10 रंग, प्रत्येकी 12, एकूण 120 गोल पाने, निम्म्या रंगांत राजा-वजिरानंतर दहा मोठा, निम्म्यात एक्का. क्रम उलटला की पाचवीची मुलेही गडबडतात.

बांधणीबद्दल. पुठ्ठा बाइंडिंगवाल्याकडून 2 मिलिमीटरचा घ्या. त्यावर कागद एकाच बाजूने चिकटवला की पट वाकतो, कारण ओला कागद ताणतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला ओढतो. मागच्या बाजूनेही तसाच कागद लावा, फेविकॉल पातळ करू नका, आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. कार्डे 6 बाय 9 सेंटीमीटरची केली तर ए-4 कार्डपेपरच्या एका तावात नऊ बसतात. पातळ कागदावर आकडा मागून दिसतो आणि फसवाफसवी होते. लॅमिनेशनवर सोंगट्या घसरतात. पटाला वह्यांचे पारदर्शक कव्हर पुरे.

तासाची वाटणी साधारण 10 मिनिटे नियम, 30 ते 35 खेळ, उरलेला वेळ बोलणे. ‘कुठल्या चालीला डाव फिरला?’ एवढा एक प्रश्न पुरतो. एका पटावर चौघे, पण दोघांची जोडी करून. जोडीला चाल ठरवायला बोलावेच लागते आणि विचार ऐकू येतो. तीस मुलांना असे आठ पट लागतील. एक खेळ निदान तीन आठवडे बदलू नका. पहिला आठवडा नियमांतच जातो, डावपेच तिसऱ्यात सुरू होतात.

विकतचे खेळ घ्यायचे तर शेवटी, उरलेल्या पैशांत. ‘रश अवर’ चांगला, 6 बाय 6 च्या पटावर गाड्या सरकवून लाल गाडी बाहेर काढायची. वाचायला काही नाही, त्यामुळे भाषेची अडचण नाही. मात्र तो एकट्याने खेळायचा आहे, मागच्या बाकावर लवकर काम संपवणाऱ्यासाठी ठेवा. मार्शा फाल्को यांचा ‘सेट’ विकत घेण्यापेक्षा हाताने काढा: आकार, रंग, संख्या आणि भरण हे चार गुण, प्रत्येकाचे तीन प्रकार, म्हणून 81 कार्डे, म्हणजे वरच्या मापाने नेमके नऊ ताव. तीन कार्डांत प्रत्येक गुण एकतर तिन्हींवर सारखा किंवा तिन्हींवर वेगळा असला की संच झाला. कुठलीही दोन कार्डे घेतली तर संच पुरे करणारे तिसरे एकच असते, ते कोणते हे न बघता सांगायला लावा. ‘विंगस्पॅन’चे नाव सगळीकडे ऐकू येते; एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा 2019 चा हा खेळ सुंदरच आहे, पण त्यातली 170 पक्ष्यांची कार्डे इंग्रजी मजकुराने भरलेली आहेत आणि नियम समजायलाच एक तास जातो. तुमच्या वर्गासाठी तो नाही.

प्रत्येक खेळाची वेगळी पिशवी करा आणि आतल्या वस्तूंची संख्या बाहेर लिहा: ‘मंकला, चिंचोके 48, वाट्या 2’. परत देताना गटानेच मोजून द्यायचे. चिंचोके दहा-वीस जास्तच ठेवा, हरवणारच आहेत.